खालचा रंग जसाच्या तसा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "हे निघतं का?" माणूस गाडीचा रंग बदलायच्या हट्टाला पेटून आलेला असतो, मोबाईलवर कुठल्यातरी परदेशातल्या गाडीचा फोटो नाचवत असतो, आणि तरी त्याला आधी खात्री हवी असते की उद्या मन फिरलं तर सगळं पहिल्यासारखं होईल. घोडेगावात दुकान टाकल्यापासून मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो. "निघतं. खालचा रंग जसाच्या तसा." पुढं पुढं तर मी हे वाक्य दुकानाच्या पाटीवरच लावून टाकलं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, "सुरेशभाऊ, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं." गमती आहेत. त्या आधी लिहून टाकतो. मला जे लिहायचं आहे ते गमतीचं नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीचा रंग न रंगवता बदलायचे दोन रस्ते आहेत. एक व्हिनाइल. म्हणजे मागून गोंद असलेला पातळ प्लास्टिकचा कागद. हीट गननं गरम करत, पट्टीनं हवा काढत तो पत्र्यावर बसवायचा आणि दाराच्या फटीत आतपर्यंत दुमडायचा. दुसरा रस्ता रबराचा. हा पातळ माल असतो, रंगासारखा स्प्रे गननं मारायचा. वाळला की त्याची रबरी कातडी होते. नको झाली की कोपऱ्यातून नखानं उचलायची आणि ओढायची. मात्र त्याला पाच-सहा हात, म्हणजे थर, मारावे लागतात. दोन-तीन हातांत भागवलं तर ती कातडी अखंड निघत नाही, बोटाबोटाएवढे तुकडे पडतात.

आणि दोन्हींना एकच नियम. खालचा रंग पक्का पाहिजे. कंपनीचा रंग असेल तर काही होत नाही. गॅरेजात पोचा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवून मारलेला रंग असेल तर वरचं काढताना तोही सोबत येतो. म्हणून मी प्रत्येकाला विचारायचो, "गाडी कधी ठोकली होती का?" या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मला जुन्नर-आंबेगावात अजून भेटायचा आहे.

येडगावचा एक गडी असाच छातीठोकपणे सांगून गेला, "गाडीला कुणाचं बोट लागलेलं न्हाई, राव." वर्षानं व्हिनाइल काढायला आला तेव्हा बायको बरोबर होती. मी मागच्या दारावरचा कागद ओढला तसा त्याच्याबरोबर रंग आला, लांबीची खपली आली आणि खाली परातीएवढा पोचा निघाला. बाईंनी पोच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "तुमी तर म्हणला व्हता, गाडी आठ दिस सर्व्हिसिंगला व्हती." त्या गड्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही पोचा मीच पाडला होता.

दुसरे मंचरच्या बाजारपेठेतले एक शेठजी. मूळचे राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या मंचरात, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मुलीच्या लग्नासाठी पांढरी गाडी मरून करायची होती. त्यांनी निघतं का हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "सुरेशभाऊ, यात जनावराचं काही नाही ना? जुन्या गोंदात हाडांचा सरस असायचा. मुलीला त्या गाडीतून देरासरात, आमच्या मंदिरात, न्यायची आहे." मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. मी मालाच्या व्यापाऱ्याला फोन लावला, त्यानं वर विचारलं, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की नाही, काही नाही. तेव्हाच शेठजींनी काम दिलं. मी सहा हात मारले. लग्नानंतर त्यांच्या अंगणात घरच्या सगळ्या बायकापोरांनी मिळून ते रबर सोललं, हसत-खिदळत. बॉनेटचं तर एका ओढीत निघालं, आणि खाली गाडी जशी होती तशी पांढरीशुभ्र. शेठजी म्हणाले, "शब्दाला जागलात." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो एवढ्यासाठी सांगितला की पुढचं समजावं.

आता माझ्या थोरल्या भावाबद्दल. अशोकदादा पेंटर होता. हातात ब्रश धरून पाट्या लिहिणारा, भिंती रंगवणारा पेंटर. घोडेगावपासून भीमाशंकरच्या रस्त्यापर्यंत किराणा दुकानं, पतसंस्था, शाळांच्या भिंती, सगळीकडं त्याचं अक्षर असायचं. मी त्याच्या हाताखाली डबे धुवून शिकलो. माझं अक्षर कधी त्याच्यासारखं वळलं नाही, हे मला लवकर कळलं आणि त्याला त्याहून आधी. म्हणून रेडियमची अक्षरं कापणारं मशीन आलं तेव्हा मी ते घेतलं. मशीनला वळण लागत नाही. नंबरप्लेटी, काचेवरची नावं, पट्टे, मग पूर्ण गाडीचं व्हिनाइल, मग रबर. इकडं फ्लेक्स आले आणि दादाची कामं एकेक करत गेली.

त्यानं माझ्या दुकानात पाय ठेवायचं सोडलं. एकदाच आला होता, माझ्या नव्या मशीनची पूजा होती तेव्हा. पेढा हातातच धरून उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "सुऱ्या, तुझं काम नखानं निघतं. माझं घासल्याशिवाय जायचं न्हाई." लोक हसले. मीही हसलो. ते वाक्य मी तेव्हापासून मनात घोळवत ठेवलं, हे कुणाला माहीत नाही.

दादा पक्षाघातानं गेला. आधी उजवा हात गेला, मग तो. त्याच्यामागं दोन-तीन वर्षांत त्याची उरलीसुरली पाटीही कुठं राहिली नाही. शाळांच्या भिंतींवर नवे रंग चढले, दुकानांवर फ्लेक्स चढले. राहिलं होतं एकच काम, शिनोलीच्या गेनभाऊंच्या जीपवर.

गेनभाऊ शेतकरी, आणि शेतीबरोबर जीप चालवायचे. मंचरहून भीमाशंकरला जाणारे भाविक भरायचे, म्हणजे वडापचा धंदा. पण जीव सगळा बैलगाड्यांच्या शर्यतीत. त्यांचा हिऱ्या नावाचा बैल एके काळी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, पहिल्यात यायचा. तेव्हा गेनभाऊ जीप आणि बैल दोन्ही घेऊन घोडेगावात आले आणि दादाला म्हणाले, "ह्याला हितं दारावर काढ." बैल बाभळीला बांधला. दादा तीन दिवस त्याच्याकडं बघून ड्रायव्हरच्या दारावर चित्र काढत होता. कपाळावरचा पांढरा ठिपका, उजव्या कानाला पडलेली खाच, मानेवरची घडी, सगळं. तोंड बॉनेटच्या दिशेनं. जीप हिऱ्याच ओढतोय असं वाटावं म्हणून. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अशोक'. वरून वॉर्निशचे दोन हात मारले आणि गेनभाऊंना म्हणाला, "जीप मोडीत जाईल, बैल जायचा न्हाई."

पुढं शर्यतींवर बंदी आली. हिऱ्या गोठ्यात बसून म्हातारा झाला. गेनभाऊंनी तो विकला नाही. बंदी उठली तेव्हा हिऱ्याची धावायची उमर गेली होती, पण गेनभाऊंच्या मुलाला, नितीनला, घाटाचा नाद लागला. त्यानं नवा खोंड घेतला आणि जुनी जीप माझ्याकडं आणली.

नितीन मंचरला खताच्या दुकानात कामाला होता. सरळ पोरगा. म्हणाला, "काका, पुरी मॅट ब्लॅक करायची. घाटात उभी ऱ्हायली पायजे तर पब्लिकनं बघितलं पायजे." मी नेहमीप्रमाणं सांगितलं, रंग बदलला की आरटीओत कळवून पुस्तकात नोंद करावी लागते. ती त्यानं केली. मग दाराजवळ येऊन आवाज उतरवून म्हणाला, "फक्त आप्पांचा बैल तेवढा सांभाळा. आप्पा त्याच अटीवर हो म्हनल्यात. आपल्याला पायजे तवा परत दिसला पायजे."

दुसऱ्या दिवशी गेनभाऊ स्वतः आले. त्यांनीही तेच विचारलं. "सुरेश, निघतं ना रं ते?"

"गेनभाऊ, माझ्या भावाचं काम आहे. मी वाटोळं करीन का? खालचा रंग जसाच्या तसा."

त्यांनी दारावरच्या हिऱ्याच्या मानेवर दोनदा हात फिरवला आणि एसटीनं परत गेले.

सगळ्या जीपला व्हिनाइल बसवलं. ड्रायव्हरच्या दारावर मात्र नाही. हातानं काढलेल्या चित्रावर व्हिनाइल चिकटवलं तर गोंद ते उचलणार, एवढं मला कळत होतं. तिथं रबराचे सहा हात मारले. व्यवस्थित काम झालं. दुपारी चारला नितीन गाडी बघायला आला. उन्हं तिरपी झाली होती. आम्ही दोघं दारासमोर उभे राहिलो आणि काळ्या रबरातून हिऱ्या दिसायला लागला. रंग नाही, नुसता उठाव. दादाचा ब्रश जाड चालायचा. शिंगांची, वशिंडाची, मानेच्या घडीची प्रत्येक रेघ रबराखालून वर आली होती.

मला वाटलं, पोरगा नाराज होणार. तो हसला. "काका, बैल दिसतोय बघा! भारी हाय. ऱ्हाऊ द्या असंच. आप्पांना बी बरं वाटंल."

हे नीट लक्षात ठेवा. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या.

तो गेला आणि मी दारासमोर उभा राहिलो. माझ्या कामात असा उंचसखलपणा कुणी पाहिला तर काय म्हणेल, हा एक विचार होता. मी प्रत्येक गाडीचे फोटो काढून मोबाईलवर टाकतो, त्यावर गिऱ्हाईक येतं. पण तेवढाच विचार होता असं मी म्हणणार नाही. मी पूर्ण दुकान झाकून टाकलं असतं तरी दादा खालून वर येणार, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात शिरलं. मेल्यावरही हा माणूस माझ्या कामावर अक्षर गिरवून जातो, असं वाटलं. राग आला. चित्राचा राग येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी दाराचं रबर काढलं. एका ओढीत निघालं. खाली हिऱ्या ओल्या मातीतून आल्यासारखा ताजा, केसालाही धक्का नाही. दादाच्या वॉर्निशनं त्याला सांभाळलं होतं. म्हणजे माझा शब्द त्या क्षणी खरा होता. तिथं थांबलो असतो, परत सहा हात मारले असते, तर आज हा लेख गमतीचा झाला असता.

मी पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि रेघा घासून सपाट करायला लागलो. चित्र पुसायचं नव्हतं. फक्त उठाव उतरवायचा होता. हलक्या हातानं, गोल गोल. पांढरट पाणी ओघळायला लागलं, मग त्यात थोडा तपकिरी रंग उतरला. मी थांबलो नाही. दादाचं ते वाक्य, घासल्याशिवाय जायचं नाही, माझ्या कानात होतं, आणि हात चालत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. एवढ्या वर्षांत त्याच्या कामाला मी पहिल्यांदा वरचढ झालो होतो. मेलेल्या माणसाशी केलेली ही मारामारी मी जिंकली आणि बादलीतलं पाणी गटारीत ओतलं.

पुसून पाहिलं तर हिऱ्या होता. जरा फिका, पण होता. वर परत सहा हात मारले. दार आरशासारखं सपाट झालं. दुसऱ्या दिवशी नितीन म्हणाला, "आरं, बैल गेला की ओ!" मी म्हणालो, "रबर बसलं खाली. आत आहे तसाच आहे." त्यानं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही, अशोक पेंटरचा भाऊ बोलत होता.

वर्षभर जीप घाटाघाटांत फिरली. मग हिऱ्या मेला. गेनभाऊंनी त्याला शेताच्या बांधाला पुरलं, आणि तेरा दिवस झाल्यावर नितीनला म्हणाले, "जीप घोडेगावला घे. मला त्याचं त्वांड बघायचं हाय."

दोघं आले. गेनभाऊंनी धुतलेला पटका बांधला होता. येताना एक नारळ आणला होता, बैलाचं चित्र उघडलं की फोडायला. मी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मी दाराच्या खालच्या कोपऱ्यात नखानं रबर उचललं. हात थोडा जड लागला, तेव्हाच मला कळलं. पण लोकांसमोर धरलेलं सोडता येत नाही. मी ओढत गेलो.

कातडी अखंड निघाली. माझ्या आयुष्यातलं तेवढं सफाईदार काम दुसरं नाही. आणि दारावर करडा प्रायमर राहिला, मधे मधे पत्रा. बैल दारावर नव्हता. तो माझ्या हातात होता, रबराच्या आतल्या बाजूला चिकटून, पूर्ण, शिंगापासून शेपटापर्यंत. उलटा.

असं का झालं ते या धंद्यातला माणूस लगेच सांगेल. पॉलिश पेपरनं वॉर्निश गेलं होतं. रबराच्या मालात थिनर असतं, ते थेट दादाच्या रंगात उतरलं, रंग मऊ पडला आणि रबराला धरून वाळला. वॉर्निश असतं तर काहीही झालं नसतं. मी स्वतः रबर एकदा काढून ते पाहिलं होतं.

गेनभाऊ जवळ आले. माझ्या हातातली ती काळी कातडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खाच डाव्या कानाला आली. त्वांड मागं फिरलं." कातडी माझ्यापुढं करत म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई."

त्यांनी ती माझ्या हातात परत दिली. तेवढ्यानं ती वाकली आणि हिऱ्याच्या मानेवरून रंगाची एक खपली खाली पडली.

नितीन पुढं झाला. "आप्पा, माझ्यामुळं झालं. मीच हट्ट केला. काकांनी आधी कायतरी सांगितलं आसंल, मीच ध्यान दिलं न्हाई..." आणि तो माझ्याकडं बघायला लागला. मी काहीतरी बोलावं म्हणून.

मी बोललो. मी म्हणालो, "या खेपेचा माल खराब निघाला असेल. कधी कधी होतं."

गेनभाऊंनी मुलाला एवढंच म्हटलं, "तुला ब्लॅक पायजे व्हती." नारळ तसाच पिशवीत घेऊन ते एसटी स्टँडकडं चालत गेले. मुलाबरोबर जीपमध्ये बसले नाहीत.

महिन्याभरानं मी शिनोलीला गेलो. मोबाईलवर हिऱ्याचा एक जुना फोटो मिळाला होता. म्हटलं, "गेनभाऊ, याची व्हिनाइलवर प्रिंट काढून देतो. हुबेहूब. पैसे नकोत." ते दावं वळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुझं निघतं ना रं, सुरेश? ऱ्हाऊ दे मग."

नितीननं मंचरचं काम सोडलं. आता चाकणला कंपनीत असतो. सणालाही येत नाही. बापलेकांत बोलणं नाही, हे मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. शेजारी म्हणाला, "म्हाताऱ्याचा बैल मेला त्याचं येवढं न्हाई, पोरानं त्याचं चित्र घालवलं ह्याचं लई मनाला लागलंय." मी मान डोलावली आणि चहा प्यालो.

ती कातडी मी दुकानात गुंडाळून ठेवली होती. मध्यंतरी उलगडली तर हिऱ्याचे तुकडे झाले होते. दादाचं नाव तेवढं वाचता येतं, तेही आरशात धरून. धंदा मी आता बंद केला आहे. लोकांना सांगतो, कंबर साथ देत नाही. पाटी उतरवायच्या आधी तिच्यावरचं ते वाक्य काढलं. नखानं निघालं, एका ओढीत.

गेनभाऊंना वाचता येत नाही. म्हणून हा अंक छापून आला की मी स्वतः शिनोलीला जाणार आहे, त्यांच्या ओट्यावर बसणार आहे आणि पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचून दाखवणार आहे. तोंडानं सांगायची हिंमत मला झाली नाही. छापलेलं असलं की मधे थांबता येणार नाही.

तर गेनभाऊ, ऐका. तुमचा पोरगा म्हणाला होता, बैल ऱ्हाऊ द्या. पॉलिश पेपर माझ्या हातात होता. आता मोबाईल घ्या आणि नितीनला फोन लावा. तोवर मी इथंच बसतो.